समावेशनाचे उद्दिष्ट : आकडा कशाचा, जबाबदारी कोणाची?

‘आमच्या संस्थेत सर्वांना समान संधी दिली जाते,’ हे वाक्य आज कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत, विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत आणि नोकरीच्या जाहिरातींच्या तळाशी सर्रास आढळते. या वाक्याला कोणाचाच विरोध नसतो. मात्र, वर्षअखेरीस त्या संस्थेत नेमके काय बदललेले असेल, हे त्यावरून कोणालाही सांगता येत नाही. सदिच्छा आणि उद्दिष्ट यांतील अंतर ते हेच. सदिच्छा पूर्ण झाली की नाही, हे तपासता येत नाही; उद्दिष्ट तपासता येते. म्हणूनच ते लिहिताना आकडा कशाचा, किती मुदतीत आणि कोणाच्या जबाबदारीवर, या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. भारतातील कायदे, न्यायालयीन निवाडे आणि प्रशासकीय व्यवहार यांचा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव पाहिला, तर समावेशनाची बहुतेक उद्दिष्टे विरोधामुळे नव्हे, तर ही उत्तरे अर्धवट राहिल्यामुळे फसल्याचे दिसून येते.

तीन शब्द, तीन अर्थ

या विषयात तीन शब्द वारंवार येतात आणि ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. समानता म्हणजे सर्वांना एकच नियम लावणे. समन्याय म्हणजे प्रत्येकाची सुरुवात कोठून झाली, याचा विचार करून नियम आखणे. समावेशन म्हणजे संस्थेत प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला तेथे काम करता येणे, निर्णयात भाग घेता येणे आणि पुढे जाता येणे. जिना सर्वांसाठी खुला असणे ही समानता झाली. चाकाच्या खुर्चीवरील कर्मचाऱ्यासाठी उतार किंवा उद्वाहन असणे हा समन्याय झाला. आणि वरच्या मजल्यावरील बैठकीत त्याचे मत विचारात घेतले जाणे, हे समावेशन झाले. भारतीय राज्यघटनेने हा भेद आरंभापासून मानला आहे. कलम १६ सार्वजनिक नोकऱ्यांत समान संधीची हमी देते आणि त्याच कलमाचा चौथा खंड, पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गीयांसाठी जागा राखून ठेवण्याची मुभा राज्याला देतो.

कोल्हापूरचा आदेश

तपासता येईल असे उद्दिष्ट कसे लिहावे, याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच सापडतो. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले, तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे अवघ्या १० होत्या. महाराजांनी प्रथम शिक्षणाचा मार्ग धरला. तथापि, शिक्षण घेऊनही नोकरी मिळत नसेल, तर मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची ओढ निर्माण होणार नाही, या निष्कर्षाप्रत ते आले. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडमध्ये असताना, संस्थानचा प्रसिद्ध आदेश निघाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असे त्याने फर्मावले.

या आदेशातील ५० टक्के हा आकडा सर्वांना ठाऊक आहे. त्याची बांधणी मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, याची व्याख्या आदेशातच होती. तो हाती पडल्या दिवसापासून लागू होणार होता. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक याच वर्गातून करावी, असा स्पष्ट नियम होता. शिवाय, आदेशानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचे विवरणपत्र प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस सादर करावयाचे होते. व्याख्या, प्रमाण, पुढच्या नेमणुकीचा नियम, अहवालाची मुदत आणि जबाबदार अधिकारी या पाचही बाबी काही ओळींत बसविलेल्या होत्या. १९१२ पर्यंत प्रशासनातील पदे ९५ झाली होती आणि त्यांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडील पदे ३५ वर आली होती. आज अनेक पानांचे समावेशन धोरण प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांच्या मसुद्यात यांपैकी दोन-तीन बाबी तरी हमखास गाळलेल्या असतात.

छेदावर सारे अवलंबून

टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. अंशावर सर्वांची नजर असते; वाद मात्र बहुधा छेदाचा असतो. १५ टक्के किंवा २७ टक्के हे प्रमाण कायम ठेवूनही, ते कशाच्या तुलनेत मोजायचे, हे बदलले की प्रत्यक्ष जागा नाहीशा होऊ शकतात.

सरकारी कचेऱ्यांत राखीव जागांचा हिशेब बिंदुनामावलीने ठेवला जातो. आर. के. सभरवाल खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा हिशेब रिक्त जागांवर नव्हे, तर संवर्गातील पदांवर आधारलेला असावा, असे स्पष्ट केले. त्यानुसार केंद्र सरकारने २ जुलै १९९७ रोजी पदाधारित नामावली लागू केली. केंद्राच्या प्रमाणानुसार इतर मागासवर्गीयांचा पहिला बिंदू चौथ्या, अनुसूचित जातींचा सातव्या आणि अनुसूचित जमातींचा चौदाव्या क्रमांकावर येतो. हे साधे अंकगणित आहे : साडेसात टक्क्यांच्या हिशेबाने एक पूर्ण जागा होण्यासाठी चौदा पदे लागतात.

आता हा चौदावा बिंदू विद्यापीठाच्या एखाद्या छोट्या विभागात नेऊन पाहावा. विद्यापीठांतील अध्यापकांच्या भरतीसाठी संपूर्ण विद्यापीठ हा एक घटक मानण्याची पद्धत २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये ती रद्द ठरवून प्रत्येक विभाग हा स्वतंत्र घटक मानला. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. आरक्षणाच्या टक्केवारीत या काळात कोणताही बदल झालेला नव्हता. बदलला होता तो छेद.

तीन पदांच्या विभागाचे उदाहरण घेऊ. अध्यापक साधारण ३० वर्षे सेवा करतो असे धरल्यास, अशा विभागात सुमारे दहा वर्षांतून एक जागा रिकामी होईल. पहिल्या तीन नेमणुकांनंतर चौदावा बिंदू येण्यासाठी अकरा जागा रिकाम्या व्हाव्या लागतील. म्हणजेच, आदिवासी उमेदवाराची पाळी येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतील. कागदावर साडेसात टक्के आरक्षण अबाधित राहील. ते पाहण्यास आजच्या उमेदवाराचा नातूही हयात नसेल. या प्रश्नावर देशभर आंदोलने झाली. ७ मार्च २०१९ रोजी केंद्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी केंद्रीय शैक्षणिक संस्थांमधील अध्यापक संवर्गाच्या आरक्षणाचा कायदा करून संपूर्ण संस्था हा एक घटक असल्याचे निश्चित केले.

अपंग व्यक्तींच्या आरक्षणाबाबतही हेच घडले होते. १९९५ च्या कायद्याने त्यांच्यासाठी किमान तीन टक्के जागा राखून ठेवल्या. मात्र, वरिष्ठ म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’ गटांत हे प्रमाण सर्व रिक्त जागांवर न मोजता, अपंगांसाठी योग्य म्हणून निश्चित केलेल्या पदांपुरतेच मोजले जात असे. समजा, एक हजार जागा रिक्त आहेत आणि त्यांपैकी दोनशेच योग्य ठरविल्या आहेत. मग तीन टक्क्यांच्या तीस जागांऐवजी सहाच उरतात. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी राष्ट्रीय अंधजन महासंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गणना सर्व गटांत एकूण रिक्त जागांवर करण्याचा आदेश दिला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने प्रमाण चार टक्के केले, अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील भरती वर्षात ओढण्याची तरतूदही केली. भरली न गेलेली जागा अशा रीतीने अनुशेष म्हणून हिशेबात राहते. ती आपोआप रद्द होत नाही.

एकच नियम, असमान परिणाम

नियम सर्वांना सारखा असला, म्हणजे अन्याय होतच नाही, असा समज सार्वत्रिक आहे. लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यांनी तो खोटा ठरविला. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात, अल्पसेवा कमिशनवरील महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनसाठी पुरुषांप्रमाणेच विचारात घ्यावे, असा आदेश दिला. लष्कराने त्यानुसार निवड मंडळ नेमले आणि पुरुषांचेच निकष महिलांनाही लावले. समानतेच्या दृष्टीने यात वावगे काहीच नव्हते.

प्रत्यक्षात, पुरुष अधिकाऱ्यांची शारीरिक क्षमता सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे तरुण वयात तपासली गेली होती. न्यायालयीन लढ्यात वर्षे गेल्यामुळे अनेक महिला अधिकारी चाळिशीच्या पुढे गेल्या होत्या आणि त्यांना तोच निकष त्या वयात लावण्यात आला. गोपनीय अहवालांचेही तसेच झाले. महिलांना कायम कमिशन मिळणारच नाही, हे गृहीत असल्याने त्यांचे अहवाल लिहिताना पुरेशी काळजी घेतली गेली नव्हती. पुढे त्याच अहवालांवर त्यांचे गुण ठरले. २५ मार्च २०२१ च्या नितीशा खटल्यातील निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. नियम करणाऱ्याचा हेतू काय होता, यापेक्षा त्याचा परिणाम कोणावर काय झाला, हे पाहिले पाहिजे, असे तत्त्व या निकालाने रुजविले.

कोणत्याही संस्थेला यातून एक उपयुक्त कसोटी मिळते. निवड, बढती किंवा वेतनवाढीचा प्रत्येक निकष लावल्यावर कोणत्या गटातील किती जण गळतात, याची मोजणी करावी. एखाद्या टप्प्यावर एकाच गटाची गळती ठळकपणे अधिक असेल, तर तो निकष त्या कामासाठी खरोखर आवश्यक आहे का, हे तपासणे हेही उद्दिष्टाचा भाग मानावे लागते. सायंकाळी सातनंतरच्या बैठकांतील हजेरी हा बढतीचा अलिखित निकष असेल, तर तो सर्वांना सारखाच लागू असतो. पण पाळणाघर बंद होण्याची वेळ गाठावी लागणाऱ्या कर्मचारी मातेला तो सारखा पडत नाही.

आकडा पूर्ण, हेतू अपूर्ण

मोजता येणाऱ्या उद्दिष्टाला एक धोकाही असतो. आकडा गाठण्याची सोपी वाट सापडली, की मूळ हेतू बाजूला पडतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने नोंदणीकृत आणि ठरावीक आकाराच्या मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असणे बंधनकारक केले. शेअर बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांसाठी ‘सेबी’ने दिलेली मुदत १ ऑक्टोबर २०१४ वरून वाढवून १ एप्रिल २०१५ करावी लागली. मुदत जवळ येताच अनेक कंपन्यांनी प्रवर्तकांच्या पत्नी, कन्या किंवा अन्य नातलग महिलांची नेमणूक करून कायद्याचे शब्द पाळले. त्या महिलांच्या पात्रतेविषयी सरसकट शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, मंडळात स्वतंत्र आवाज यावा, हा हेतू त्यामुळे साध्य होत नव्हता.

उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ मध्ये यावर उपाय सुचविला. ‘सेबी’ने तो स्वीकारून ‘एक महिला’ याऐवजी ‘एक स्वतंत्र महिला संचालक’ अशी अट घातली. बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना ती १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या एक हजार कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. नियमातील एका विशेषणाने पळवाट बरीचशी बुजली. उद्दिष्ट एकदा ठरवून भागत नाही. ते कसे चुकविले जात आहे, हे पाहून त्याची भाषा दुरुस्त करावी लागते, हा यातील धडा.

याच्या उलट टोकाला चुकीचे उद्दिष्ट असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी शून्यावर आणण्याचे ध्येय काही व्यवस्थापने अभिमानाने सांगतात. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती अनिवार्य आहे. तिच्याकडे तक्रारच न येणे हे सुरक्षिततेचे लक्षण असू शकते, तसेच भीतीचेही. म्हणून येथे मोजावयाच्या बाबी वेगळ्या ठरतात : समितीची माहिती किती कर्मचाऱ्यांना आहे, चौकशी कायद्यातील ९० दिवसांच्या मुदतीत संपते का आणि तक्रार करणारी महिला वर्षभराने नोकरीत टिकून आहे का.

दारातून आत आल्यावर

भरतीचा आकडा हा प्रवासाचा आरंभ होय. चार टक्के जागा भरल्या, पण दृष्टिहीन कर्मचाऱ्याच्या संगणकावर पडदावाचक प्रणाली नाही, कर्णबधिर कर्मचाऱ्यासाठी बैठकीत दुभाषी नाही, स्वच्छतागृहाच्या दारातून चाकाची खुर्ची जात नाही, अशी स्थिती असेल, तर ती व्यक्ती हजेरीपटावर असते, कामात नसते. २०१६ च्या कायद्यातील वाजवी सोयींची तरतूद यासाठीच आहे. हा कायदा प्रत्येक आस्थापनेला, खासगी कंपन्यांनाही, समान संधी धोरण प्रसिद्ध करण्यास सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला : सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा ठेवून चालणार नाहीत, त्यांतील किमान भाग बंधनकारक असलाच पाहिजे.

महिलांच्या बाबतीत हाच प्रश्न बाळंतपणानंतर उभा राहतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय आवश्यक ठरली. ही सुधारणा मोठीच होती. मात्र, रजेच्या वेतनाचा सारा भार मालकावर पडत असल्याने, तरुण विवाहित महिलांना नोकरीच नाकारली जाण्याची भीती तेव्हापासून व्यक्त होत आहे. म्हणून, रजा किती जणींना मिळाली, याबरोबरच रजेनंतर किती जणी परतल्या आणि परतल्यावर वर्षभराने किती जणी टिकल्या, हे मोजणे अगत्याचे ठरते.

‘सेबी’ने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला, त्यात नेमकी हीच माहिती मागितली आहे. रजेनंतर परतणाऱ्यांचे व टिकणाऱ्यांचे प्रमाण, स्त्री-पुरुषांचे मध्यक वेतन, दिव्यांग कर्मचाऱ्यांची संख्या हे तपशील कंपनीला जाहीर करावे लागतात. भागधारकच काय, नोकरीच्या शोधातील तरुण-तरुणीही हे आकडे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहू शकतात. कोल्हापूरच्या तिमाही विवरणपत्राचे हे आधुनिक रूप म्हणता येईल.

खासगी क्षेत्राचा पेच

खासगी नोकऱ्यांत अनुसूचित जाती-जमातींसाठी कायदेशीर आरक्षण नाही. २००६ मध्ये जमशेद इराणी यांच्या अध्यक्षतेखालील उद्योग संघटनांच्या कृती दलाने सक्तीऐवजी स्वयंस्फूर्त आचारसंहितेचा पर्याय पुढे केला. शिक्षण, रोजगारक्षमता, रोजगार आणि उद्योजकता ही त्याची चार अंगे. शिष्यवृत्त्या, प्रशिक्षण वर्ग आणि दलित उद्योजकांकडून खरेदी असे उपक्रम त्यातून उभे राहिले. स्वयंस्फूर्त व्यवस्थेचा गाभ्याचा दोष मात्र उरलाच : उद्दिष्ट चुकले, तर उत्तर कोणी द्यायचे, हे ठरलेले नसते. याउलट, राज्य सेवांतील ५२ टक्के आरक्षणाविषयीच्या महाराष्ट्राच्या २००१ च्या कायद्यात अंमलबजावणीची जबाबदारी नियुक्ती अधिकाऱ्यावर टाकलेली असून, हेतुपुरस्सर उल्लंघन करणाऱ्यास शिक्षेचीही तरतूद आहे. अर्थात, केवळ शिक्षेच्या तरतुदीने अनुशेष भरत नाही, हेही सरकारी कचेऱ्यांच्या अनुभवाने दाखविले आहे. पदभरतीच थांबली, की राखीव जागाही थांबतात.

मसुदा तपासताना

एखाद्या संस्थेने, मग ती कंपनी असो, सहकारी बँक असो वा गृहनिर्माण संस्थांचा महासंघ, समावेशनाचे उद्दिष्ट ठरविताना पुढील प्रश्नांची उत्तरे एका पानात लिहून काढावीत. आज स्थिती काय आहे आणि ती कोणत्या तारखेची? प्रमाण कशाच्या तुलनेत मोजणार : एकूण कर्मचारी, वरिष्ठ पदे की नव्या नेमणुका? उद्दिष्ट पूर्ण होत नसेल, तर पुढच्या जागेबाबत नियम काय? निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर कोण गळते? आत आलेल्यांसाठी सोयी कोणत्या आणि त्यांचा खर्च कोणत्या खात्यातून? अहवाल किती महिन्यांनी, कोणासमोर आणि कोणाच्या सहीने? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांच्यासाठी हे उद्दिष्ट आहे, त्यांपैकी कोणी ते ठरविण्याच्या बैठकीस हजर होते का?

हे सारे करूनही उद्दिष्ट चुकू शकते. पण ते कोठे चुकले, हे तरी कळते, आणि पुढच्या तिमाहीत दुरुस्ती करता येते. ‘सर्वांना समान संधी’ या वाक्याला ती सोय नाही. ज्या उमेदवाराचा बिंदू चौदावा आहे, त्याच्या दृष्टीने संस्थेची मूल्ये किती उदात्त आहेत, हा प्रश्न गौण आहे. चौदाव्या बिंदूपर्यंत मोजणी केव्हा पोहोचणार आणि त्यासाठी कोण उत्तरदायी आहे, एवढेच त्याला विचारायचे असते.